सल्ल्यापुरता माणूस

माझी ताई नर्स होती. मोठ्या दवाखान्यातली नव्हे, उपकेंद्रातली. म्हणजे पायथ्याची तीन-चार गावं, त्यांच्या वरच्या अंगाच्या वाड्या, आणि या सगळ्यांना मिळून ती एकटी. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे एक फाटा आत वळतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून तीच माणसं राहतात. नव्वदच्या आसपास ताई तिथे रुजू झाली तेव्हा उपकेंद्र म्हणजे एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली होती. कौलं गळायची, पलंगाखाली कोंबड्या शिरायच्या. पण खोली अगदी डोंगराच्या पायाशी होती. वाडीवरची बाई करवंदं, मोळी, काहीही घेऊन बाजाराला उतरली की तिच्या वाटेतच ताईचं दार लागायचं. ओटीवर टेकायची, पाणी प्यायची, आणि जाता जाता सांगायची की सुनेला दिवस गेलेत. ताईचं अर्धं काम त्या ओटीवर व्हायचं.

आमचं घर शहापूरला. वडील रेल्वेत होते, कसाऱ्याच्या घाटात रुळांच्या कामावर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. घरात भिंतीवर एकच तसबीर होती, निळ्या कोटातली, आणि वडिलांचा कायद्यावर जो विश्वास होता तो त्या तसबिरीमुळे होता. बाकीच्यांची देवळं असतात, आपलं कोर्ट आहे, असं ते खरोखर मानायचे. मी बारावीनंतर टायपिंग शिकले तेव्हा त्यांनीच मला शहापूरच्या कोर्टासमोर एका वकिलांकडे नेऊन उभं केलं. मी त्या वकीलसाहेबांकडे पुढे कैक वर्षं मराठी टाइपरायटरवर अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं बडवली. त्यामुळे पुढचं सगळं मला जवळून बघावं लागलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे सरकारने ठरवलं की ताईच्या उपकेंद्राला स्वतःची इमारत द्यायची. त्याच सुमाराला आरोग्याच्या कामासाठी एक सल्लागार समिती नेमली गेली. समितीत एक निवृत्त गुरुजी होते, एक म्हातारी सुईण होती, दोन-तीन पक्षांची माणसं होती आणि एक गृहस्थ होते ज्यांच्याबद्दल हे सगळं आहे. त्यांची हमरस्त्यावर भाताची गिरण होती, गिरणीशेजारी हॉटेल होतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बरीच जमीन होती. माणूस गोड होता. बाळंतिणीला केळी घेऊन यायचा, ताईला ‘बाई’ म्हणायचा, तिच्यासमोर तंबाखूसुद्धा खायचा नाही. त्याच्या चेहऱ्यावर खलनायक कुठे लिहिलेला नव्हता, हे मला आधीच सांगून टाकायला हवं.

जागा कुठली घ्यायची यासाठी समितीची बैठक झाली. ताईला माहिती द्यायला बोलावलं होतं. तिने सांगितलं की पायथ्याचं गायरान घ्यावं. गावकऱ्यांनी त्यातली घाणेरीची झुडपं आधीच तोडून ठेवली होती. यावर हा गृहस्थ उठला आणि म्हणाला की तिकडे ना धड रस्ता, ना पाणी. त्यापेक्षा हमरस्त्याला लागून माझी जागा आहे, ती मी फुकट देतो. फुकट म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई सांगायची, मीसुद्धा वाजवल्या गो, हात आपोआप उठले. समितीने तसा सल्ला दिला, वरच्या साहेबांनी समितीच्या सल्ल्यानुसार म्हणून सही केली, आणि इमारत पायथ्यापासून लांब, हमरस्त्यावर उभी राहिली. दारावर संगमरवरात जमीन देणाऱ्याचं नाव कोरलं.

पुढच्या उन्हाळ्यात इमारतीच्या मागे खुंट्या दिसू लागल्या, टोकाला लाल रंग लावलेल्या. उपकेंद्रासाठी म्हणून डांबरी रस्ता आत आला होता, नळाची लाइन आली होती, विजेचा खांब आला होता. ते सगळं उपकेंद्रापाशी न थांबता मागे गेलं, खुंट्यांमधून. मागची सगळी जमीन त्याचीच होती. तिचे प्लॉट पडले. कल्याण-मुंबईकडची माणसं शनिवार-रविवार येऊन बघून जायला लागली. दोन-तीन वर्षांत तिथे पांढरे बंगले उभे राहिले, कुंपणावर बोगनवेल चढली. दान दिलेला तुकडा त्या जमिनीचा एक कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यामुळे बाकीच्या जमिनीचं सोनं झालं.

वाडीवरच्या बायका मात्र यायच्या बंद झाल्या. बाजाराची वाट पायथ्यावरून दुसरीकडे जायची. नुसतं तपासून घ्यायला भर उन्हात हमरस्त्यापर्यंत कोण चालणार? ताईच मग जमेल तशी वर जायची. तिचे गुडघे तेव्हापासून गेले.

एका वर्षी, भातकापणीचे दिवस होते. दुपारी एक पोरगा सायकलवरून निरोप घेऊन आला की वाडीवरच्या अमकीच्या सुनेला खाली आणतायत, रक्त थांबत नाही. ताई पिशवी घेऊन निघाली. शेतांच्या बांधावरून धावत गेली. चार माणसं बांबूला बांधलेल्या घोंगडीत त्या मुलीला घेऊन उतरत होती. तिची दुसरी खेप होती, मूल घरीच झालं होतं, आणि वार आत अडकली होती. त्यांचे खांदे बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी झोळी खाली ठेवली ती नेमकी जुन्या खोलीच्या अंगणात. ताई तिथे पोचली तेव्हा मुलगी थंड पडत होती. ताईने करायचं ते सगळं केलं. इंजेक्शन दिलं, पोटावर हात दाबून धरला, कितीतरी वेळ धरला. नंतर त्या मुलीच्या सासूने तो हात हलकेच बाजूला केला. सासू रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं,

“बाय, तू आदी हितंच व्हतीस ना गो?”

ताईने हे वाक्य मला एकदाच सांगितलं. त्यानंतर तिने तक्रार करायचं ठरवलं.

आधी तिने आपल्याच वरिष्ठांना लिहिलं. उत्तर आलं की जागेची निवड समितीच्या सल्ल्यानुसार झालेली आहे. मग ती समितीच्या अध्यक्षांना जाऊन भेटली. ते म्हणाले, आम्ही फक्त सल्ला देतो, ठरवतात साहेब. ती पुन्हा साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, समितीचा सल्ला डावलला तर उद्या मलाच जाब विचारतील. या दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात ताईने जवळपास एक वर्ष काढलं.

शेवटी मी तिला वकीलसाहेबांकडे आणलं. साहेब साठीच्या पुढचे, दम्याचे, फार बोलत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की लाभ झाला हे उघड आहे, स्वतःच्या फायद्यासाठी पदाचा वापर केला हेही दिसतंय. पण भ्रष्टाचाराचा कायदा लोकसेवकाला लागतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच की हा माणूस लोकसेवक आहे का? त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि व्याख्या वाचून दाखवली. सोप्या भाषेत तिचा अर्थ असा होता, की ज्या पदामुळे माणसाला सार्वजनिक कर्तव्य करण्याचा अधिकार मिळतो किंवा ते करणं भाग पडतं, ते पद धारण करणारा लोकसेवक. ताई म्हणाली, मग झालं की. साहेब म्हणाले, झालं नाही, इथूनच सुरू होतं. सल्ला देणं हे कर्तव्य आहे का? आणि ज्याचा सल्ला पाळायला कुणी बांधील नाही, त्याच्याकडे पद आहे असं म्हणायचं का?

ठाण्याला अशा तक्रारी घेणारी कचेरी होती, तिथे आम्ही दोघी गेलो. समोरचा अधिकारी तरुण होता, त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्याने विचारलं की या माणसाला सरकार पगार देतं का. ताई म्हणाली, बैठकीला जाण्या-येण्याचा भत्ता मिळतो. तो म्हणाला, भत्ता म्हणजे पगार नव्हे. मग त्याने समिती नेमल्याचा सरकारी निर्णय वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. समितीचे सल्ले शासनावर बंधनकारक राहणार नाहीत, असं तिथे लिहिलेलं होतं. त्याने ते बोट बराच वेळ तिथेच ठेवलं. त्याला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण वाईट वाटणं हेसुद्धा बंधनकारक नसतं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते तेव्हा खाटेवरून फार उठत नसत. कोपरावर रेलून उठले आणि म्हणाले,

“सरकारच्या खुर्चीत बसतो, सरकारचा दवाखाना कुठं बांधायचा ते सांगतो, नि सरकारचा मानूस नाय? मग कोन हाय तो?”

ते तसबिरीकडे बघत राहिले. मला वाटतं, त्याचं उत्तर तिथूनच येईल अशी त्यांची समजूत होती.

वकीलसाहेबांनी ठाण्याच्या कोर्टात खाजगी फिर्याद दाखल केली. फी घेतली नाही. मी टाइप केलेला सगळ्यात लांब कागद तोच. लोकसेवक हा शब्द त्यात इतक्या वेळा आला की माझी बोटं तो शब्द न बघता काढायला लागली. मग तारखा सुरू झाल्या. ताई रजा काढून जायची, मी सोबत. बहुतेक वेळा कोर्ट रिकामं नसायचं, किंवा समोरचे वकील हजर नसायचे, आणि आम्ही वडापाव खाऊन परत यायचो.

युक्तिवाद झाला त्या दिवशी मात्र मी मागच्या बाकावर बसून एकेक शब्द ऐकला. आमचे साहेब म्हणाले की या समितीने आजवर दिलेला एकही सल्ला कुणी नाकारलेला नाही. नावाला सल्ला, पण प्रत्यक्षात हुकूमच. ज्याच्या शब्दावर सरकारची इमारत उभी राहते आणि ज्याला स्वतःच्या जमिनीचा प्रश्न असताना बैठकीतून उठून जाण्याची गरज वाटत नाही, त्याला कायद्याबाहेर कसं ठेवता येईल? त्यांना मध्येच खोकल्याची उबळ आली. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं.

समोरचे वकील उठले. शांतपणे म्हणाले की सल्ला देणाऱ्याला जर लोकसेवक म्हणायचं, तर ग्रामसभेत उठून विहिरीची जागा सुचवणारा म्हातारा लोकसेवक, शाळेच्या बैठकीत फळा मागणारी आई लोकसेवक. याच समितीत एक गुरुजी आहेत, एक सुईण आहे. उद्या त्यांच्यावरही खटले चालवणार का? मग समित्यांवर बसायला येईल कोण? आणि ज्याने चूक केली असेल तो सही करणारा अधिकारी, त्याला सोडून सल्ला देणाऱ्याला का धरता?

मला त्यांचं म्हणणं पटलं. हे मी ताईला कधी बोलले नाही. ती सुईण माझ्या डोळ्यांसमोर आली. तिला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं असं मला वाटेना. समोरच्या माणसाचं म्हणणं खोटं असतं तर बरं झालं असतं. ते खरं होतं, आणि तरी ती मुलगी अंगणात मेली होती. या दोन गोष्टी एकत्र कशा मावायच्या, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

निकाल लागायच्या आधी मध्येच एक गोष्ट घडली. एका स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर उपकेंद्रावर आला होता. त्याने ताईला विचारलं की इमारत इथे का बांधली? ताईने खरं सांगितलं. त्याने ते तिच्या नावानिशी छापलं. महिन्याभरात तिच्या हातात दोषारोपपत्र पडलं. परवानगीशिवाय वर्तमानपत्राला माहिती दिली, शासनाच्या निर्णयावर जाहीर टीका केली, वर्तणूक नियमांचा भंग केला. पहिलंच वाक्य असं होतं की, आपण लोकसेवक असूनही.

ताईने तो कागद मला वाचायला दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला बसली. मी वाचला, पुन्हा वाचला. वकीलसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “तुझ्या बहिणीबद्दल मात्र कुणालाच शंका नाही.” ते हे विनोदाने म्हणाले नव्हते.

चौकशी झाली. ताईच्या बाजूने बोलायला वाडीवरची दोन माणसं मुरबाडपर्यंत आली होती. त्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवलं. आत बोलावलंच नाही. चौकशीचा विषय इमारत हा नाही, बाईंचं वर्तन हा आहे, असं सांगितलं. ती माणसं संध्याकाळपर्यंत बसली आणि गेली. ताईची एक वेतनवाढ कायमची रोखली आणि तिची बदली कसाऱ्याकडे, उंबरमाळीच्या वाड्यांवर केली. तिथेही डोंगर, तिथेही चालणं, फक्त माणसं अनोळखी. तिच्या जागी बराच काळ कुणी आलंच नाही.

त्यानंतर ठाण्याचा निकाल आला. इंग्रजीत होता. वकीलसाहेबांनी आम्हाला मराठीत समजावून सांगितला. अर्जदाराची तळमळ कोर्टाला समजते. परंतु सदर समिती केवळ सल्लागार स्वरूपाची असल्याने तिचा सदस्य या कायद्याच्या अर्थाने लोकसेवक ठरत नाही. सबब फिर्याद काढून टाकण्यात येते. साहेब म्हणाले की हायकोर्टात जाता येईल, तिथे दुसरं मत पडू शकतं, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. ताईने विचारलं, किती वर्षं? त्यांनी निकालाच्या कागदांची घडी घातली. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा दमा वाढला आणि त्यांनी ऑफिस बंद केलं. मी दुसरीकडे कामाला लागले. हायकोर्ट तसंच राहिलं.

वडील त्या हिवाळ्यात गेले. निकाल त्यांना सांगायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण एका सकाळी त्यांनी ताईला जवळ बोलावून सरळ विचारलं, आणि तिला त्यांच्याशी खोटं बोलता यायचं नाही. तिने सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” रुळाला तडा दिसला की ते तेवढंच बोलायचे म्हणे, आणि मग झेंडी घेऊन धावायचे. या वेळी धावायला काही नव्हतं. त्यानंतर ते कोर्टाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, माझ्या कामाबद्दलही विचारेनासे झाले.

ताईने आणखी काही वर्षं उंबरमाळीला काढली, मग गुडघ्यांमुळे मुदतीआधीच नोकरी सोडली आणि शहापूरला माझ्याजवळ राहायला आली. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. दोन खोल्या, गच्चीवर तुळस आणि मिरच्या, असा आमचा संसार.

तो गृहस्थ आला तो याच घरी. दोन हजार दहा-अकराचं साल असेल. शहापूरला जमिनीच्या कामासाठी आला होता, कुणाकडून पत्ता मिळाला म्हणाला. केस पांढरे झाले होते, चालताना दम लागत होता. एव्हाना तो आणखी दोन समित्यांवर होता, हे मला ठाऊक होतं. ताईने त्याला पाणी दिलं. चक्कर येते म्हणाला, तर तिने पेटीतलं यंत्र काढून त्याचं ब्लडप्रेशर घेतलं. पट्टा दंडावर गुंडाळताना तिचे हात अगदी स्थिर होते. मी दारात उभी राहून बघत होते. प्रेशर वाढलेलं होतं, तिने ते सांगितलं. तो बाही खाली करत करत म्हणाला,

“बाई, तुमच्या मनात माझ्याबद्दल राग असेल. पण खरं सांगतो, मी कधी काय ठरवलंच नाय. मला विचारलं, मी सांगितलं. ठरवनारे दुसरे.”

ताई म्हणाली, “हो.”

तो आणखी थोडा वेळ बसला, हवापाण्याचं बोलला आणि गेला. दार लावून मी तिच्यावर बरसले. एवढ्या वर्षांनी समोर बसला होता, एक शब्द तरी बोलायचा होतास. ती यंत्राची नळी गुंडाळत होती.

“तो खोटं नाय बोलत गो,” ती म्हणाली. “त्याला खरंच तसं वाटतं. त्याला वाटतं, साहेबाला वाटतं, कोर्टाला पण तसंच वाटलं. मग ती पोर मेली कशानं?”

तिने उत्तराची वाट बघितली नाही. पेटी पलंगाखाली सारली आणि त्यानंतर मी ती पेटी उघडलेली पाहिली नाही.

आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की ही नर्सबाई होती. पहिली काही वर्षं बायका यायच्या, पोराचा ताप दाखवायच्या, कुठल्या डॉक्टरकडे नेऊ विचारायच्या, आणि ताई सांगायची. तो माणूस येऊन गेल्यानंतर ते हळूहळू थांबलं. अलीकडे एकदा खालच्या मजल्यावरची बाई आपल्या गरोदर सुनेला घेऊन आली. पायाला सूज होती, चेहराही भरलेला दिसत होता. तिने विचारलं की आता दाखवू की सोमवारपर्यंत थांबू? ताई खिडकीपाशी बसली होती. तिने त्या मुलीच्या पायांकडे बघितलं, नीट बघितलं. मला माहीत आहे, तिला सगळं दिसलं होतं.

“मला नका विचारू,” ती म्हणाली. “मी काय सांगणार.”

बाई गोंधळली, माझ्याकडे बघायला लागली. मीच चपला घातल्या, रिक्षा बोलावली आणि त्या दोघींना दवाखान्यात घेऊन गेले. परत आले तेव्हा ताई तिथेच बसली होती. मुलगी बरी आहे का, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.